मेरेटिनी मावशीच्या मयताचं जेवण

मेरेटिनी मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा पिरिहिरा मराएच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या आवारातल्या, स्वयंपाकघरात मोठी पातेली घासत बसली होती. मावशीचं आज ना उद्या होणार हे गावाला ठाऊक होतं, म्हणून तर पातेली बाहेर काढली होती. फोन ठेवून तिनं हात पुसले, खुर्चीवर टेकली, आणि डोळ्यांना पाणी यायच्या आधी तिच्या मनात आलं, आता डोंगरावरची माणसं येणार. त्यांच्यापुढं ठेवायचं काय?

या विचाराची तिला लाज वाटली. पण ओमाकुरात वाढलेल्या कुठल्याही बाईच्या मनात पहिलं तेच आलं असतं. ओमाकुराला होतं काय? रेताड जमीन, एकच रस्ता, तोही पावसाळ्यात कडेनं खचणारा, आणि कामाधंद्याला ऑस्ट्रेलियात गेलेली तरणी माणसं. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक पट्टा होता. ओहोटीला त्यावरून अनवाणी चाललं की तळव्यांना तिसऱ्या, वाळूतले छोटे शिंपले, टोचायच्या, इतक्या दाट. लग्न असो, मयत असो, ओमाकुराच्या मराएवर जेवणाच्या टेबलावर वाफाळत्या तिसऱ्यांची परात आली नाही असं कधी झालं नव्हतं. डोंगरावरच्या लोकांनी धुरावर वाळवलेले वाम मासे आणायचे आणि इथल्यांनी त्यांना समुद्र खाऊ घालायचा, हा पणजोबांच्याही आधीपासूनचा व्यवहार. परात समोर आली की पाहुण्यांतली म्हातारी माणसं बोलायची थांबत, बाह्या सरसावत. त्या गप्प बसण्यातच यजमानांना सगळं पावायचं.

मग वरच्या उतारांवरची पाइनची झाडं कापली गेली. उतार उघडे पडले, पाऊस झाला, आणि डोंगराची माती नदीतून खाली येऊन खाडीत बसली. तिसऱ्या कमी कमी होत गेल्या. मेरेटिनी मावशी तेव्हा सत्तरीला आलेली होती, पण आवाज असा की कुत्री भुंकायची थांबत. तिनं सगळ्यांना किनाऱ्यावर बोलावलं, वाळूत एक खांब रोवला आणि सांगितलं, "आजपासून या पट्ट्याला हात लावायचा नाही. पोटं भरली ना इतकी वर्षं? आता त्याला श्वास घेऊ द्या." हाकोपा, तिचा भाचा, पिरिहिराचा थोरला भाऊ, तेव्हा सगळ्यांसमोर तिच्याशी भांडला होता. पाहुण्यांना दगड वाढायचे का, असं विचारलं होतं. मावशी म्हणाली होती, "तुझं भाषण वाढ. ते संपतच नाही."

त्याला सात वर्षं झाली. तेवढ्या काळात मोठं मयत झालं नव्हतं. लहानसहान कार्यं पिरिहिरानं डुकराच्या मांसावर आणि कोंबडीवर निभावून नेली होती. पण मावशीच्या मयताला सगळी डोंगररांग खाली उतरणार होती.

दुसऱ्या दिवशी मावशीचा देह घरी आला. सभाघराच्या ओसरीवर उघड्या पेटीत तिला ठेवलं, भोवती गेलेल्या माणसांचे फोटो मांडले, काळे कपडे घातलेल्या, डोक्याला हिरव्या पानांचे वेढे बांधलेल्या बायका दोन्ही बाजूंना बसल्या. आता मातीत पुरेपर्यंत तिला एकटं सोडायचं नव्हतं. पिरिहिरा तिच्या गालाला गाल लावून आली आणि पुन्हा स्वयंपाकघरात गेली. मावशीनंच तिला या स्वयंपाकघरात उभं केलं होतं, एवढीशी असल्यापासून. तिथं काम करणं म्हणजे तिच्याजवळ बसण्यासारखंच होतं.

हाकोपाची बायको हुरिया गाडीतून खोकी उतरवत होती. शहरातल्या सुपरमार्केटमधून आणलेले हिरवे शिंपले, एकेका दळात, म्हणजे अर्ध्या कवचात, बर्फात गोठवलेले.

"घे," ती म्हणाली. "दक्षिणेकडं दोऱ्यांना टांगून वाढवतात म्हणे. दर आठवड्याला तपासतात, मग शिक्का मारतात. माझ्या नवऱ्याची एवढी तपासणी झाली असती तर मी लग्नच केलं नसतं."

"वहिनी, दादानं बघितलं का?"

"बघेल तेव्हा बघेल. तू आधी फ्रीजरमध्ये टाक."

पिरिहिरानं खोकी फ्रीजरमध्ये तळाशी ठेवली आणि वर कोबीचे गड्डे रचले. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं, आसपास कुणी नाही असं पाहून तिनं त्यातले मूठभर काढून उकळत्या पाण्यात टाकले. शिजल्यावर ते आक्रसून अंगठ्याएवढे झाले. तिनं एक तोंडात घातला. रबर चावल्यासारखा लागला. समुद्राचा वास नव्हता, नासल्याचाही नव्हता, कसलाच वास नव्हता. तिनं पाण्यात मीठ घातलं, कांदा घातला, पुन्हा एक खाऊन पाहिला आणि हळूच डस्टबिनमध्ये थुंकला.

हाकोपाला खोक्यांचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. तो दारात येऊन उभा राहिला. धिप्पाड माणूस, साठी ओलांडलेला, केस अजून दाट. ओमाकुराच्या वतीनं पाहुण्यांसमोर बोलायचं बाक त्याचं. त्याच्यामागं त्या बाकावर बसण्याजोगं गावात कुणी उरलं नव्हतं.

"बर्फातलं वाढणार?" तो म्हणाला. "म्हणजे मढं. मढ्याच्या कार्यात मढं वाढायचं?"

"मग डुक्कर काय जिवंत वाढतोस?" हुरियानं रताळी सोलता सोलता विचारलं.

"तू गप्प बस. तुझं माहेर डेअरीवाल्यांचं, तुला काय कळणार?"

"मला एवढं कळतं की लोकांना भूक लागते."

हाकोपा तिच्याकडं न बघता बहिणीला म्हणाला, "पिरी, चल माझ्याबरोबर. ओहोटी लागलीय."

कुठं ते तिला कळलं. अ‍ॅप्रन काढून ती मुकाट त्याच्यामागं निघाली. वाटेत तो बोलत होता. "बंदी कुणी घातली? मावशीनं. मावशी गेली. तिच्याबरोबर तिची बंदीही जाऊ दे. एकाच ओहोटीपुरतं. तिच्याच माणसांच्या पोटात जाणार ना?"

"दादा, ती अजून घरात आहे. तिला ऐकू जाईल."

"जाऊ दे की. जिवंतपणी कधी ऐकलं नाही माझं, आता तरी ऐकेल."

पट्टा उघडा पडला होता. दिसायला वाळू पहिल्यासारखीच होती. पिरिहिरानं चपला काढल्या. पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि मऊ काहीतरी बोटांमधून वर आलं. हाकोपा गुडघ्यांवर बसला, दोन्ही हातांनी वाळू उपसली. लगेच त्याच्या हाताला तिसऱ्या लागल्या. चांगल्या मोठ्या, दळं घट्ट मिटलेली, वजनदार. त्यानं वर पाहिलं. लहानपणी पहिला मासा लागल्यावर तो असाच हसायचा.

"बघ," तो म्हणाला. "म्हातारीनं सात वर्षं आपल्याला उपाशी ठेवलं."

त्यानं एक तिसरी अंगठ्यानं फोडली. आत काळा चिखल होता. मांस कधीच कुजून गेलेलं, त्या जागी चिखल भरून दळं तशीच मिटून राहिलेली. त्यानं दुसरी फोडली. आणखी एक फोडली. पिरिहिरा थोडी पुढं जाऊन उकरू लागली, मग आणखी पुढं. सगळीकडं तेच. एका जागी तिला काही जिवंत सापडल्या, नखाएवढ्या. हातात घेतल्यावर त्यांनी पाण्याची बारीक चिळकांडी मारली. तिनं त्या परत ठेवून वर वाळू लोटली.

पाणी परत यायला लागलं होतं.

"मावशीला माहीत असेल का रे?" तिनं विचारलं.

हाकोपानं हातातली फोडलेली दळं खाली टाकली. ज्या घरात कुणी राहत नाही त्याला सात वर्षं कुलूप घालून राखण केली होती, आणि सगळ्या गावानं त्या कुलपावर भरवसा ठेवला होता. तो उठला, हात पाण्यात धुतले. "हे कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "मयत होईपर्यंत तरी."

परत येताना तो एका जागी थांबला आणि खाडीच्या पलीकडच्या टोकाकडं बघत राहिला. तिकडं, टोकाला वळसा घातला की उघड्या समुद्रात कुरीचे खडक होते. त्यांच्यावर हिरवे शिंपले असायचे. लाटा तिथं जोराच्या, म्हणून फारसं कुणी जात नसे.

"उद्या सकाळी तामातीची बोट घेऊन जातो," तो म्हणाला. "तिसऱ्या नाहीत तर नाहीत. समुद्राचं ताजं काहीतरी ताटात पडलं म्हणजे झालं."

"दादा, टोकाच्या पलीकडं सरकारनं लाल बोर्ड लावलेत. काल फोनवर मेसेजही आला होता. पाण्यात विष आहे म्हणे, शिंपले खाऊ नका."

"ते बोर्ड वर्षातले सहा महिने असतात. एकदा लावले की काढायला कुणी येत नाही." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पिरी, मी उद्या त्या बाकावरून उठून काय बोलू? आमची म्हातारी गेली, हे घ्या, दुकानातलं खा? डोंगरावरची तिरिपा म्हातारी येतेय. तिनं मावशीच्या हातचं खाल्लंय."

पिरिहिराच्या तोंडात अजून ती रबरी चव होती. तिला म्हणता आलं असतं, जाऊ नकोस. बहुधा त्यानं ऐकलंही नसतं. पण ती तसं म्हणाली नाही. "बघ बाबा," एवढंच म्हणाली. सकाळी तो निघाला तेव्हा कांद्याची रिकामी जाळीदार पोती तिनंच त्याच्या हातात दिली.

सकाळपासून स्वयंपाकघरात चुली पेटल्या होत्या. मागच्या अंगणात खड्ड्यातले दगड तापून लाल झाले होते. त्यांवर मांस, रताळी, भोपळा उतरवून ओली पोती आणि माती टाकून झालं होतं. कुणी पाव कापत होतं, कुणी वाफवायच्या पुडिंगची फडकी बांधत होतं. पिरिहिराचं लक्ष धक्क्याकडं होतं. हुरियानं फ्रीजर उघडून विचारलं, "काढू का बाहेर? वितळायला वेळ लागतो."

"थांब थोडं."

"कशासाठी थांबू? त्याच्यासाठी? त्याच्यासाठी थांबण्यात माझी चाळीस वर्षं गेली."

तरी ती थांबली. मग तिनंच, काही न बोलता, खोकी काढून सिंकमध्ये पाण्यात ठेवली.

डोंगरावरच्या लोकांच्या बसगाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या तेव्हा तामातीची बोट धक्क्याला लागली. तामाती म्हणजे चुलतभाऊ, बुटका, पायानं लंगडत चालणारा. त्यानं आणि हाकोपानं भरलेली पोती ओढत आणून स्वयंपाकघराच्या दारात टाकली. सगळ्या बायका जमल्या. शिंपले हाताएवढे, काळे-हिरवे, ओले, खडकाचे तुकडे आणि शेवाळ लागलेले. दळं उघडमीट करत होते, पोत्यातून बारीक करकर ऐकू येत होती. आणि वास. पिरिहिरानं तो वास छातीभर घेतला. सात वर्षांत त्या खोलीत असा वास आला नव्हता. एक म्हातारी पोत्याजवळ बसून रडायलाच लागली.

"आता बोला," हाकोपा म्हणाला. तो पाठीपर्यंत भिजला होता, खुशीत होता. "पाणी ठेव पिरी. मी कपडे बदलतो, ते फाटकाशी आलेत."

"तू खाल्लेस?"

"खाल्ले म्हणजे काय, खडकावरच बसून खाल्ले. कच्चे. बाप खायचा तसे. चव बघायला नको?"

"तामाती, तू?"

"मला कुठं परवानगी?" तामाती म्हणाला. "शिंपला नुसता बघितला तरी माझा पायाचा अंगठा सुजतो. डॉक्टरनं बंद केलंय सगळं."

"बोर्ड होता तिथं?"

तामाती हाकोपाकडं बघायला लागला. हाकोपा ओठ चोळत होता. "वारा काय बोचरा आहे," तो म्हणाला. "तोंड बधिर झालं. बोर्ड होता. मग? माणूस मेलेला दिसतोय का तुला?" आणि तो कपडे बदलायला गेला.

मोठ्या पातेल्यातलं पाणी उकळत होतं. बाहेर फाटकाशी पहिली साद उठली. ओमाकुराच्या बाईनं घातली, पाहुण्यांच्या बाईनं उत्तर दिलं, आणि सगळी माणसं खाली माना घालून हळूहळू आत चालत येऊ लागली. भाषणं होतील, गाणी होतील, मग ती सरळ जेवायला बसतील. पिरिहिरा पातेल्यासमोर उभी होती. शिजवून ते विष जात नाही, हे मेसेजमध्ये लिहिलेलं होतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. आणि बहुतेक वेळा काही होतही नाही, हेही तिला माहीत होतं. दरवर्षी बोर्ड लागायचे आणि दरवर्षी कुणीतरी खायचं. कदाचित दादाचंच खरं असेल. पोत्याजवळच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. एका बाजूला सिंकमध्ये वितळत पडलेले ते फिकट तुकडे, दुसऱ्या बाजूला करकरणारी पोती.

तिनं सिंककडं बोट दाखवलं. "ते टाका पातेल्यात," ती म्हणाली. "लोणी घाला, लसूण घाला, काय हवं ते घाला. आणि ही पोती मागच्या शेडमध्ये टाकून कुलूप लावा."

"अगं, असं काय करतेस," म्हातारी म्हणाली. "जिवंत आहेत ते."

"शेडमध्ये टाका म्हटलं ना."

तिचा आवाज मावशीसारखा निघाला, असं हुरिया नंतर सांगायची. पिरिहिराला तसं काही वाटलं नाही. तिला स्वतःच्याच घरात चोरी करताना पकडल्यासारखं वाटत होतं.

बाहेर हाकोपा बोलायला उभा राहिला. स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर त्याचा आवाज आला. सुरुवात नेहमीसारखी दणदणीत झाली. पाहुण्यांना त्यानं त्यांच्या डोंगराचं, नदीचं नाव घेऊन हाक मारली, मग त्यांच्या मेलेल्यांना, मग आपल्या. मग पेटीकडं वळून तो मावशीशी बोलायला लागला. "म्हातारे, तू मला नेहमी सांगायचीस की माझं बोलणं संपत नाही," असं तो म्हणाला आणि पाहुणे हसले. बायका हातातली कामं थांबवून ऐकत होत्या.

मग एक शब्द नीट आला नाही. तोच शब्द त्यानं पुन्हा म्हटला, तोही जड. पुढचं वाक्य जिभेत घोटाळल्यासारखं झालं.

"रडतोय," एक बाई म्हणाली आणि तिनंही डोळे पुसले.

"हा रडतो तेव्हा असा नाही रडत," हुरिया म्हणाली. तिच्या हातातला चमचा तसाच होता.

स्पीकरमधून लांबलेले, तोतरे आवाज येत होते. पाहुण्यांकडून कुणीतरी हुंकार भरला. म्हाताऱ्याचा गळा दाटला असं समजून ते त्याला आधार देत होते. पिरिहिरा तोवर दारातून बाहेर पडली होती. भाषण चालू असताना दोन्ही बाजूंच्या मधल्या अंगणातून कुणी जात नाही, स्वयंपाकघरातली बाई तर नाहीच. ती अ‍ॅप्रनमध्ये, ओल्या हातांनी, सरळ मधून चालत गेली. पाहुण्यांत कुजबुज झाली. एक माणूस उठून मोठ्यानं काहीतरी म्हणाला. हाकोपा काठीला धरून उभा होता आणि स्वतःच्या हाताकडं असा बघत होता जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"दादा, बस."

तो तिच्याकडं वळला. त्याचे डोळे स्वच्छ होते, त्याला सगळं कळत होतं. बोलायला गेला तर ओठ हलले नाहीत. काठी सुटली आणि तो बाकाच्या कडेला खाली आला.

पुढं सगळं भराभर झालं, आणि तरी उशिराच झालं. पाहुण्यांत एक नर्स होती. पिरिहिरानं शिंपल्यांचं सांगताच तिनं प्रश्न विचारले नाहीत, त्याला कुशीवर वळवलं, आणि श्वास मंदावला तसा त्याच्या तोंडात तोंड घालून श्वास भरायला लागली. तिला दम लागला की दुसरं कुणीतरी बसायचं. हेलिकॉप्टर बोलावलं होतं. आकाशाकडं बघत सगळी माणसं तशीच उभी राहिली. सभाघराच्या ओसरीवर पेटीजवळच्या बायका उठल्या नाहीत. मेलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं. मध्ये एकदा, फार थोडा वेळ, कुणाचंच लक्ष नसताना, तो श्वास घ्यायचा थांबला होता. किती वेळ ते कुणाला सांगता आलं नाही.

हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. हुरिया बरोबर गेली. मग अंगणात शेदीडशे माणसं उरली, सकाळपासून उपाशी. जेवण वाढावंच लागलं. पिरिहिरानं स्वतः परात उचलली आणि तिरिपा म्हातारीसमोर ठेवली. म्हातारीनं एक शिंपला उचलला, खाल्ला, मग दुसरा खाल्ला. "छान झालंय," ती म्हणाली. "बस तू पण." टेबलावर सगळे खाली बघून जेवत होते. परात संपली. त्यांनी ती मुद्दाम संपवली.

मावशीला दोन दिवसांनी पुरलं. यजमानांच्या बाकावर तामाती एकटा बसला होता. तो उठला, दोन वाक्यं बोलला, तिसरं विसरला आणि बसला. शेडमधली पोती तोपर्यंत नासली होती. वास लपवता येईना. तामातीनं खोल खड्डा खणून ती गाडली.

हाकोपा वाचला. विष उतरतं, डॉक्टर म्हणाले, दोन दिवसांत उतरलंही. पण मेंदूला हवा मिळाली नव्हती, ते काही उतरणार नाही. महिन्यानं तो घरी आला. चालायचा, हात धरला तर. जेवायचा, भरवलं तर. हुरिया थकली की पिरिहिरा जायची. तो तिला ओळखायचा, बहुतेक. कधी कधी तोंड उघडायचा आणि घशातून एक लांब आवाज काढायचा, भाषणाच्या सुरुवातीला काढायचा तसा, आणि मग पुढं काही नाही. पहिल्यांदा ती थांबायची, बघू काय म्हणतोय. नंतर चमचा पुढं करायला लागली.

एका संध्याकाळी ताट धुताना हुरिया म्हणाली, "तू त्याला अडवलं असतंस तरी तो गेलाच असता."

"मी पोती दिली त्याला."

"ठाऊक आहे मला." हुरियानं पाणी बंद केलं. "मी पण खोकी फ्रीजरमध्ये ठेवून वाट बघत होतेच की."

त्यानंतर दोघींनी तो विषय काढला नाही.

हिवाळ्यात शहरातून दोन माणसं आली, यंत्रं लावून वाळूचा पट्टा तपासून गेली. पिरिहिरानं त्यांना चहा दिला. चिखल आता सगळीकडं बसलाय, ती म्हणाली तेव्हा त्यांनी मान हलवली. तो काढता येईल का, तिनं विचारलं. त्यातला तरुण माणूस चांगला होता, त्यानं खोटं सांगितलं नाही. काढायचा म्हटला तर खालचं उरलंसुरलंही जाईल, तो म्हणाला. आणि वरच्या उतारांवर पुन्हा पाइन लावलेत, पंचवीस वर्षांनी ते पुन्हा कापतील. वाळूतला मावशीचा खांब अजून उभा होता. तो काढावा असं कुणाला वाटलं नाही आणि ठेवण्यालाही काही अर्थ नव्हता.

वर्षानं मावशीच्या थडग्याच्या दगडावरचं कापड काढायचा दिवस आला. डोंगरावरची माणसं पुन्हा येणार होती. पिरिहिरानं डुक्कर सांगून ठेवलं, रताळी आणली. शिंपल्यांचं तिनं मनातून काढून टाकलं होतं. हाकोपाला घोंगडीत गुंडाळून बाकावर बसवलं, कारण बाक रिकामं दिसू नये. साद झाली, पाहुणे आत आले, त्यांच्या वक्त्यानं भाषण केलं. मग यजमानांकडून कुणी उठायची वेळ आली. तामातीनं गुडघ्यांवर हात ठेवले, पण उठला नाही. सगळे वाट बघत राहिले. शेवटी पाहुण्यांचा तोच वक्ता अंगण ओलांडून अलीकडं आला, हाकोपाच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओमाकुराच्या वतीनं स्वतःच्याच माणसांचं स्वागत केलं. चांगलं बोलला. बायका रडल्या.

त्यानंतर तिरिपा म्हातारी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली. मागं दोन माणसं बर्फाचे मोठे डबे उचलून आणत होती.

"हे घे गं," ती म्हणाली. "वाटेत शहरात थांबलो होतो. म्हटलं, तुमच्यावर भार नको."

एका डब्याचं झाकण उघडं होतं. आत तीच खोकी होती, बर्फातल्या शिंपल्यांची, तोच शिक्का. दुसऱ्या डब्यातही तीच. डोंगरावरच्या माणसांनी समुद्राकाठच्या माणसांना समुद्र आणून दिला होता, आणि त्यात टोमणा नव्हता. म्हातारीच्या तोंडावर नुसती माया होती. टोमणा असता तर पिरिहिराला उत्तर देता आलं असतं.

"कशाला त्रास घेतलात," ती म्हणाली.

"त्रास कसला. तू मागच्या वेळी केले होतेस ना, लसूण घालून, तसेच कर. आमच्या पोरांना फार आवडले होते."

पिरिहिरानं म्हातारीच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, तिला बसायला खुर्ची दिली. मग डबे आत घेतले, सिंकमध्ये पाणी सोडलं आणि एकेक खोकं फोडायला लागली.